आर्थर स्मिथ यांच्या नावाची जर्सी: कापड भक्कम, माहितीपत्रक तोकडे

स्कॉटलंडच्या रग्बी संघाच्या १९५० च्या दशकातील पोशाखाबरहुकूम शिवलेली ही गडद निळी, लांब बाह्यांची जर्सी त्या काळातले विंगर (मैदानाच्या कडेने धावणारे खेळाडू) आर्थर स्मिथ यांच्या नावाने विकली जाते. कापड जाड सुती आणि घट्ट विणीचे आहे. पांढऱ्या कॉलरला दुहेरी शिलाई असून बटणे रबराची आहेत. झटापटीत टणक बटण तुटते आणि समोरच्याला लागतेही, हे शिवणाऱ्याला ठाऊक असावे. छातीवरील थिसलच्या, म्हणजे स्कॉटलंडचे प्रतीक असलेल्या काटेरी झाडाच्या, फुलाचे भरतकाम सुबक आहे, मात्र त्याची आतली बाजू अंगाला टोचते.

खरी निराशा केली ती सोबतच्या माहितीपत्रकाने. तेहेतीस आंतरराष्ट्रीय सामने आणि लायन्सचे (ब्रिटन व आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या एकत्रित संघाचे) कर्णधारपद, एवढ्या दोन ओळींत त्याने स्मिथ यांची बोळवण केली आहे. ज्या सामन्यामुळे या निळ्या रंगाला पुन्हा मान मिळाला, त्याचा उल्लेखच नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये वेल्सला हरवल्यानंतर स्कॉटलंडने सलग सतरा सामने गमावले होते. त्यांपैकी एकात, एडिनबरोच्या मरेफील्ड मैदानावर, दक्षिण आफ्रिकेने ४४–० असा धुव्वा उडवला, आणि तोही एका ट्रायला (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) तीनच गुण मिळत त्या काळात! ५ फेब्रुवारी १९५५ रोजी त्याच मैदानावर पुन्हा वेल्स समोर असताना बावीस वर्षांचे स्मिथ पदार्पण करत होते. टचलाइनलगत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेलगत, मुसंडी मारत, चेंडू पुढे लाथाडून त्याचा पाठलाग करत त्यांनी ट्राय केला. स्कॉटलंड १४–८ असा जिंकला.

कासल डग्लसमध्ये १९३३ साली जन्मलेल्या स्मिथ यांनी ग्लासगो विद्यापीठात गणिताची पदवी घेतली आणि पुढे केंब्रिजला डॉक्टरेट मिळवली. खेळाचे पैसे घेणे तेव्हा नियमबाह्यच होते, त्यामुळे अभ्यास किंवा नोकरी सांभाळूनच देशासाठी खेळावे लागे. हा संदर्भ नसला तर आजच्या ग्राहकाला त्या तेहेतीस सामन्यांचे मोल कळणार कसे? १९६२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने वेल्समधील कार्डिफ येथे पस्तीस वर्षांनी विजय मिळवला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत लायन्सची कसोटी मालिका तीन पराभव आणि एक बरोबरी अशी संपली, हेही पत्रक सोयीस्करपणे गाळते. १९७५ मध्ये, अवघ्या बेचाळीसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

किंमत चढी आहे, तरी कापडाकडे पाहता ती अवाजवी म्हणता येत नाही. पहिल्या धुण्यात जर्सी बाह्यांकडून आखडते आणि निळा रंग कॉलरवर उतरतो, म्हणून नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्यावे आणि ती थंड पाण्यात वेगळी धुवावी.