तुऱ्यासाठी पेट्रोलियम जेली: कामाची किती, भरवशाची किती

कडाक्याची थंडी पडली की कोंबड्यांच्या तुऱ्याला पेट्रोलियम जेली लावा, असा सल्ला हमखास मिळतो. उत्पादन चांगलं आहे, पण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते. जेली ऊब देत नाही. ती कातडीवर पाणी ठरू देत नाही, एवढंच.

तुऱ्यावर पिसं नसतात आणि थंडीत शरीर तिकडचा रक्तपुरवठा आखडतं, म्हणून हिमदंश आधी टोकांना होतो. त्यात ओल असली की संपलंच. उंच एकेरी तुऱ्याच्या लेगहॉर्नसारख्या जातींना, त्यातही माद्यांपेक्षा नरांना, धोका जास्त.

जेली साधी, बिनवासाची घ्यावी. क्रीम नको, त्यात पाणी असतं. संध्याकाळी पक्षी दांडीवर बसले की तुरा कोरडा असल्याची खात्री करून बोटांवर मऊ केलेल्या जेलीचा पातळ हात फिरवावा. ओल्या तुऱ्यावर लावली तर ओल खालीच कोंडते, जाड थापली तर भुसा चिकटतो आणि पिसांना लागली तर पिसं ऊब धरत नाहीत.

सकाळी खुराड्याच्या खिडकीवर आतून थेंब दिसत असतील, तर डबी बाजूला ठेवा आणि आधी दांडीच्या वर, छपरालगत झरोका उघडा. श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर गेली पाहिजे. मात्र वाऱ्याचा झोत पक्ष्यांच्या अंगावर नको. चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या पाण्यात बुडत असतील तर निपलचं, म्हणजे चोच लावली की थेंब देणारं, भांडं बरं.

टोकं पांढरट-करडी पडली की जेलीचं काम संपलं. पक्षी उबदार जागी वेगळा ठेवा, नाहीतर बाकीचे टोचतात. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं हलकेच टेकवा. चोळू नका, हेअर ड्रायर तर नकोच: बधिर कातडी भाजलेली कळत नाही. रात्री पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवूच नका, दुसऱ्यांदा गोठल्यावर नुकसान वाढतं. काळी पडलेली टोकं कापायची नाहीत. ती खालच्या जखमेला झाकतात आणि काही आठवड्यांत आपोआप गळतात. सूज वाढली, पू दिसला किंवा वास आला तर पशुवैद्य गाठा.

उन्हाळ्यात मात्र ही डबी कपाटातच राहू द्या. घाम न येणाऱ्या पक्ष्याला तुराच उष्णता बाहेर टाकायला मदत करतो, आणि जेलीवर धूळ बसते. तेव्हा सावली, गार पाणी आणि खेळती हवा हवी. चोच उघडी, पंख अंगापासून दूर आणि तुरा जांभळा दिसला तर पाय गार पाण्यात धरा. बर्फाचं पाणी नको.