क्रूझवरचं रात्रीचं जेवण: सूट, पैठणी की ट्रॅकपँट?

क्रूझ बुक झाल्यावर पहिला महिना व्हिसाच्या कागदपत्रांत जातो. मग एके रात्री घरातलं कुणीतरी कंपनीची मेल नीट वाचतं, त्यात 'दोन फॉर्मल नाईट्स', म्हणजे नटूनथटून जेवायला यायच्या दोन रात्री, असं दिसतं आणि बैठक बसते. आमच्याकडे ती साडेअकरापर्यंत चालली. नवऱ्याचा एकुलता एक सूट दिराच्या लग्नातला, 2009 सालचा. डांबरगोळ्यांच्या वासासकट तो बाहेर आला, पँटचं बटण कसंबसं लागलंही, पण मग त्याला खुर्चीत बसता येईना. जेवायला घालायचा सूट आणि बसायची सोय नाही.

तर हा आढावा अशा घरांसाठी, जिथे सध्या ही बैठक चालू आहे. मी तिन्ही परी करून पाहिल्या आहेत. मुंबईहून गोव्याला जाताना साध्या कुर्त्यात जेवले. नंतर भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या सफरीत एक फॉर्मल रात्र पैठणीत काढली आणि दुसरी चक्क ट्रॅकपँटमध्ये.

आधी जहाज कोणतं ते बघा

निम्मा निर्णय इथेच होतो. कॉर्डेलियाच्या मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या सफरीला निघाला असाल तर सूट कपाटातच राहू द्या, तिथे कुणी त्याची अपेक्षा धरत नाही. स्वच्छ, नीटनेटके कपडे पुरतात.

परदेशी कंपन्यांमध्ये मात्र तऱ्हा वेगवेगळ्या. नॉर्वेजियनने 2000 सालीच 'फ्रीस्टाइल' म्हणत ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि फॉर्मल कपड्यांची सक्ती सोडून दिली. व्हर्जिन व्हॉयेजेसवर फॉर्मल नाईट नसतेच; एका रात्री सगळ्यांनी लाल कपडे घालायचे, तेवढीच हौस. सेलिब्रिटीने 2015 मध्ये फॉर्मल नाईट काढून तिचं 'इव्हिनिंग शीक' केलं, म्हणजे चांगले कपडे घाला पण टायसाठी अडून बसणार नाही. कार्निव्हलवर अशा रात्रीला 'क्रूझ एलिगंट' म्हणतात. पाच दिवसांपर्यंतच्या सफरीत ती एकदा येते, त्याहून मोठ्या सफरीत दोनदा. कोट घातला तर उत्तम, कॉलरचा शर्ट आणि बरी पँट असली तरी चालून जातं.

दुसऱ्या टोकाला क्युनार्ड. 'क्वीन मेरी 2' साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जाते, त्यात साधारण दोन 'गाला इव्हिनिंग' असतात. पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद रंगाचा सूट, गळ्यात बो टाय नाहीतर साधा टाय. बायकांनी गाऊन किंवा तशाच तोलामोलाचं काही. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि मोजक्या जागा मोकळ्या असतात, बाकीचं जहाज त्या संध्याकाळी नटलेल्यांचं. तिथलं तिकीट काढून 'आम्ही काही नटणार नाही' म्हणणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर उभं राहणं. माझं मत विचाराल तर मग ते जहाजच निवडू नका.

एक भीती मात्र आधीच काढून टाकते. रोज नटावं लागत नाही. पहिल्या रात्री फॉर्मल नाईट सहसा ठेवत नाहीत, कारण कितीतरी जणांच्या बॅगा तोवर केबिनपर्यंत पोचलेल्या नसतात. शेवटच्या रात्रीही नाही, कारण बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. बहुधा ज्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रात असतं ती संध्याकाळ निवडतात. रोममध्ये आठ तास पायपीट करून आलेल्या माणसाला टाय बांधायला सांगू नये, एवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

सूट: असेल तर न्या, नसेल तर शिवू नका

सूटच्या बाजूने बोलायचं तर त्या रात्रीच्या जहाजाचा थाटच वेगळा असतो. दुपारी ज्या काकांना तलावाशेजारी ओल्या टॉवेलवर घोरताना पाहिलं, तेच लिफ्टमधून काळ्या कोटात बाहेर येतात आणि ओळखू येत नाहीत. जिन्यात फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. जेवणाच्या यादीतही त्या रात्री जरा हात सैल सुटतो. मासे खाणाऱ्यांसाठी लॉबस्टर बऱ्याच जहाजांवर फॉर्मल नाईटलाच येतो.

विरुद्ध बाजूला सामान. ब्लेझर, जोडीची पँट, काळे बूट, बायकोचा ड्रेस, त्याच्या चपला. विमानात 23 किलोची बॅग घेऊन जाताना यात तीनचार किलो सहज जातात, तेही दोन संध्याकाळींसाठी. शिवाय इस्त्री. आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्याच जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री न्यायला बंदी असते. तपासणीत सापडली तर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. क्युनार्डच्या जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली आणि तिथेच इस्त्री मिळते, पण बऱ्याच जहाजांवर कपडे प्रेसला द्यावे लागतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. घडीच्या खुणा उमटलेला सूट घालून मिरवण्यापेक्षा न घातलेला बरा.

अंगाला बसणारा सूट घरात असेल तर जरूर न्या. फक्त क्रूझसाठी नवा शिवायचा विचार असेल तर थांबा आणि पुढचं वाचा.

पैठणी आणि जोधपुरी

फॉर्मल म्हणजे पाश्चात्त्य, हे आपणच डोक्यात घेतलेलं असतं. क्युनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा आपल्या नियमांत देशोदेशीचा औपचारिक पोशाख चालतो असं लिहिते. बंदगळा, जोधपुरी कोट, शेरवानी, सिल्कचा कुर्ता आणि वर जॅकेट, काठपदराची साडी, हे सगळं त्यात बसतं. आणि हे आपल्या घरात आहेच! मुलांच्या मुंजी, भाच्यांची लग्नं, दिवाळी यांनी कपाट भरलेलं असताना आपण दोन रात्रींसाठी भाड्याच्या टक्सिडोची चौकशी करत बसतो.

नवऱ्यासाठी मग भावाचा काळा जोधपुरी कोट मागून आणला. त्याला टाय नाही, बो टायची गाठ नाही, आत कोणता शर्ट आहे ते दिसत नाही. पँट आपली नेहमीची काळी. बसताही येत होतं.

माझी पैठणी मोरपंखी, लग्नानंतर आईने घेतलेली. पैठणी जहाजावर न्यायची की नाही यावर माझ्या बहिणीचं आणि माझं अजून एकमत नाही, तेव्हा दोन्ही बाजू सांगते. रेशमाला इस्त्रीची फारशी कटकट नाही; मलमलच्या कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवली की घडी मोडून नेसता येते. डायनिंग रूममधला एसी इतका गार असतो की उघड्या पाठीच्या गाऊनमधल्या बायका खांदे चोळत बसतात, आपण पदर लपेटून घेतो. पण जहाज जरा जरी हललं की निऱ्या पायात येतात. जिन्याचा कठडा एका हातात आणि निऱ्या दुसऱ्या हातात, मग पर्स कुठे धरायची? केबिनमधल्या बाथरूममध्ये साडी नेसणं शक्यच नाही, नवऱ्याला बाहेर पिटाळून पलंगाच्या कडेला उभं राहून नेसावी लागते. आरसाही धड पूर्ण उंचीचा नसतो.

आणि सूप. आमच्या टेबलाचा वेटर मडगावचा निघाला. क्रूझवर गोव्याची माणसं भेटणं नवलाचं नाही, दर्यावर नोकरी करणाऱ्यांची तिथे पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे. पहिल्या दिवसापासून तो इंग्रजीतच बोलायचा. त्या रात्री टोमॅटोचं सूप घेऊन आला, पैठणीकडे बघून थबकला आणि हळूच मराठीत म्हणाला, "पदर पुढे घ्या हं मॅडम, गरम आहे." मग न मागता दुसरा नॅपकिन आणला आणि मांडीवर पसरून दिला. त्यानेच मुख्य वेटरला सांगून दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंसाठी वरणभात आणि एक सुकी भाजी लावून दिली. शाकाहारी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं: बऱ्याच मोठ्या जहाजांवर आदल्या दिवशी सांगितलं तर भारतीय शाकाहारी जेवण करून देतात, पण ते सांगायचं माणूस डायनिंग रूममध्ये भेटतं, बुफेच्या रांगेत नाही.

बहिणीचा सल्ला असा की पैठणी घरी ठेवा आणि हलकी, न चुरगळणारी, पिना लावून पक्की करता येणारी साडी न्या. पुढच्या वेळी मी बहुधा तिचंच ऐकेन. पुरुषांसाठी एकच सूचना: वर सिल्कचा कुर्ता आणि खाली उघडी सँडल, हे जमत नाही. मोजडी किंवा बंद बूट.

ट्रॅकपँट आणि बुफे

दुसरी फॉर्मल नाईट आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं. वर बुफेला गेलो. रात्री आठला तिथे निम्मी टेबलं रिकामी, खिडकीजवळची जागा हवी तशी मिळाली, बाहेर मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे. मुलगा तीनदा पिझ्झा घेऊन आला. खाली दोन तास लागणारं जेवण इथे चाळीस मिनिटांत उरकलं आणि आम्ही डेकवर वाऱ्याला जाऊन बसलो. चुकल्यासारखं वाटलं का? मला नाही. सासूबाईंना वाटलं, कारण त्यांची साडी काढून ठेवलेली होती आणि वरणभात खाली होता.

लहान मुलं असतील, पंगत लांबली की ती टेबलाखाली जाणार असतील, किंवा सुट्टीतही ऑफिससारखे कपडे घालायचा वीट आला असेल, तर खुशाल वर जा. बुफेच्या जेवणाचे जास्तीचे पैसे नसतात आणि तुम्ही का नटला नाहीत हे कुणी विचारत नाही.

पण कपड्यांची किंवा काट्याचमच्याची लाज वाटते म्हणून जेवणाची खोली टाळत असाल, तर तेवढं करू नका. 1888 मध्ये गांधीजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने विलायतेला निघाले, तेव्हा काटासुरी धरता येत नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नाही, म्हणून ते टेबलावर गेलेच नाहीत. केबिनमध्ये घरून नेलेली मिठाई आणि फळं खात राहिले. आता विचारायला मडगावचा माणूस उभा असतो.

या सगळ्यात खरोखर वाईट पर्याय एकच: अर्धवट. आमच्याच जहाजावर एक सत्तरीचे गृहस्थ फॉर्मल रात्री बर्मुडा घालून डायनिंग रूमच्या दाराशी आले. मुख्य वेटरने अतिशय नम्रपणे थांबवलं. त्यांनी पैसे किती भरलेत ते मोठ्याने सांगितलं, मग तावातावाने खाली गेले. पँट घालून परत येईपर्यंत घरच्यांचं सूप संपलं होतं आणि टेबलावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दारात वाद घालायचा असेल तर तो बुकिंगच्या आधी मेलवर घाला.

मग काय न्यायचं?

सात रात्रींची साधी मोठ्या कंपनीची सफर असेल तर माझं उत्तर असं: एक देशी ठेवणीतला जोड प्रत्येकी, तोच दोन्ही फॉर्मल रात्रींना, दुसऱ्या रात्री कंटाळा आला तर बुफे आहेच. फोटोग्राफरसमोर हवे तितके उभे राहा, छापील फोटो मात्र विचार करून घ्या, ते फार महाग असतात. क्युनार्ड असेल तर दोन जोड न्या आणि काटकसर करू नका. मुंबई–गोवा असेल तर हा लेख इथवर वाचायचीही गरज नव्हती.

शेवटच्या रात्रीसाठी एकच गोष्ट, ती आम्ही स्वतः शिकलो. बॅगा दाराबाहेर ठेवताना दुसऱ्या दिवशीचा पूर्ण पोशाख आत ठेवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. गांधीजींनी उतरताना घालायला पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला होता, बाकीचं सामान एजंटाच्या ताब्यात गेलं आणि सप्टेंबरअखेरच्या विलायतेत पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच. आमच्याकडे नवऱ्याने रात्री अकराला घाईघाईत सगळं भरलं, चुरगळू नये म्हणून जोधपुरी तेवढा हँगरला ठेवला. सकाळी बार्सिलोनाच्या बंदरावर तो काळा कोट, निळ्या चौकडीचा पायजमा आणि पायात जहाजावरच्या पांढऱ्या स्लिपर अशा थाटात उतरला. सासूबाई म्हणाल्या, "कोट तरी नीट बसलाय."