सागवानी चॉपिंग बोर्ड आणि लाकडी चमचे : आठ महिने रोज वापरल्यावर

बोर्ड ४० बाय ३० सेंटिमीटरचा, जाडी २.५ सेंटिमीटर, तीन पट्ट्या चिकटवून केलेला. सोबत चार चमचे, कशालाच पॉलिश नाही. आठ महिन्यांनंतर बोर्ड सपाट आहे, सांधे घट्ट आहेत. चमच्यांपैकी एकाच्या दांड्याला मात्र चीर गेली. लाकडी वस्तू घेतली की तेल कोणतं लावायचं हे सगळे विचारतात. ती वाळवायची कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. वस्तूचं आयुष्य ठरतं ते मुख्यतः वाळवण्यावर.

हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी असतं; ८० टक्क्यांना ते १६ पर्यंत जातं. यामुळे फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगते. एवढ्या रुंदीचा सागवानी बोर्ड दमट आणि कोरड्या हवेत मिळून दोन ते चार मिलिमीटर कमीजास्त होऊ शकतो. दोन्ही बाजू सारख्या फुगल्या तर काही बिघडत नाही. ओला बोर्ड ओट्यावर आडवा ठेवला की खालची बाजू ओलीच राहते, वरची सुकते, आणि बोर्ड बाक धरतो.

बाक कुठल्या दिशेला आहे यावरून कारण कळतं. नुकतीच भिजलेली बाजू फुगून बाहेर येते. पण महिनोन्‌महिने एकच बाजू धुतली जात असेल तर उलटं होतं. ती बाजू दरवेळी फुगू पाहते, शेजारचं कोरडं लाकूड तिला अडवतं, त्या दाबाने तंतू चेपले जातात आणि वाळल्यावर ती मूळ मापापेक्षा आखडते. मग तीच बाजू खोलगट होते, आणि हा बाक सहज जात नाही. म्हणून चिरायला एकच बाजू वापरली तरी पाणी दोन्ही बाजूंना लावावं.

धुण्याची पद्धत साधी: सौम्य साबण, मऊ घासणी, अर्ध्या मिनिटात काम संपवायचं. भिजत घालायचं नाही, डिशवॉशरमध्ये तर अजिबात नाही. पुसून लांब कडेवर उभा करायचा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा. आखूड कडेवर उभा केला तर तंतूंची उघडी तोंडं खाली साचलेल्या पाण्यात राहतात, आणि लाकूड पाणी सर्वांत वेगाने पितं ते तिथूनच. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवला तर हीच टोकं आधी आखडतात आणि तिथून भेगा सुरू होतात. बाक आलाच तर दोन-तीन दिवस नुसता उभा ठेवून बघा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. राहिला तर खोलगट बाजू ओलसर फडक्यावर पालथी घालून वर वजन ठेवा आणि सकाळी पुन्हा उभा करा.

आता तेल. फूड ग्रेड मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं, अन्नाला लागलं तरी चालेल इतकं शुद्ध तेल) खवट होत नाही, पण ते कधी सुकून घट्टही होत नाही. साबणाबरोबर थोडंथोडं निघून जातं. पहिल्या वेळी पूर्ण बोर्डाला १५ ते २० मिलिलिटर पुरतं, टोकांना जास्त. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उरलेलं पुसायचं. पहिला महिना आठवड्यातून एकदा, पुढे पाण्याचा थेंब टाकून ठरवायचं: पाच मिनिटांत थेंबाखालचं लाकूड गडद झालं तर तेलाची वेळ झाली. स्वयंपाकाची साधी तेलं टाळा, ती खवटतात आणि बोर्ड चिकट होतो. जवसाचं तेल सुकून खरा थर धरतं, पण कच्च्या तेलाला आठवडे लागतात, आणि ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्यात बहुधा धातूंचे ड्रायर (तेल लवकर सुकवणारी संयुगं) असतात, ते इथे नको. या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

चमच्यांची गोष्ट थोडी वेगळी. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तंतू उभे राहून ते खरखरीत होतात. यावर तेल हा उपाय नाही. चमचा ओला करायचा, पूर्ण वाळवायचा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं. हे दोनदा, मग तेल. चीर गेलेल्या चमच्यात लाकडाच्या रेषा दांड्याच्या मधूनच तिरप्या बाहेर पडल्या होत्या. घेताना रेषा दांड्याभर सरळ जाताहेत ना, एवढं पाहिलं तरी असा चमचा बाजूला काढता येतो.

काळे डाग दोन प्रकारचे. एखाद्या लोखंडी वस्तूच्या आकाराचा निळसर काळा डाग लोह आणि लाकडातलं टॅनिन (चहातही असतं ते तुरट द्रव्य) यांच्यामुळे पडतो. तो बुरशीचा नसतो. विखुरलेले ठिपके, कुबट वास, तेही टोकांना आणि सांध्यांत, ही बुरशी, म्हणजे वाळवणं कमी पडतंय. दोन्हींना आधी १२० आणि मग २२० नंबरचा पेपर. खोल गेलेली बुरशी मात्र घासून निघत नाही, असा बोर्ड अन्नासाठी वापरू नये.

तक्रार एकच: सागात सिलिका (वाळूत असते ती) असते, त्यामुळे सुरीची धार लवकर जाते. मेपलच्या बोर्डावर ती जास्त टिकते. रंग मात्र छान मुरला आहे, सुरुवातीचे हिरवट-तपकिरी पट्टे उजेडाने एकसारखे सोनेरी झाले. दर महिन्याला सांध्यावरून नख फिरवून पाहा. सागाच्या अंगच्या तेलामुळे चिकटवलेला जोड कच्चा राहू शकतो, आणि नख अडकायला लागलं की त्या फटीत पाणी शिरायच्या आत जोड उघडून पुन्हा चिकटवावा.