पार्लाइन: स्त्री-नेतृत्वाचे आकडे शोधणाऱ्यांसाठी

नव्याने निवडून आलेल्या स्त्रियांची प्रशिक्षणं मी घेते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आरक्षण नसतं तर आम्ही आलो असतो का?" उत्तर देताना मी आंतर-संसदीय संघाची, म्हणजे जगभरातल्या संसदांच्या संघटनेची, पार्लाइन ही संसदांबद्दलची माहितीसेवा उघडते. मोफत आहे, सगळ्यांना खुली आहे.

देशवार यादीत एकूण जागा, स्त्रिया, टक्केवारी, निवडणुकीची तारीख, सगळं समोर. दोन्ही सभागृहं वेगळी दाखवलेली असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. एकत्र सरासरीत बरंच काही झाकलं जातं.

मी नेहमी रवांडा दाखवते. तिथे 2003च्या राज्यघटनेने निर्णयप्रक्रियेत स्त्रियांना किमान 30 टक्के वाटा दिला. कनिष्ठ सभागृहातल्या 80पैकी 24 जागा स्त्रियांसाठी राखीव. 2008मध्ये मात्र 45 स्त्रिया आल्या, म्हणजे 21 जणी त्या 24 जागांच्या बाहेरून! हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात कुजबुज सुरू होते. मला तो क्षण फार आवडतो.

आरोग्य किंवा उत्पन्नाची माहिती इथे मिळणार नाही; मातामृत्यूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी जोडीला घ्यावी लागते. आणि खुर्चीवर बसलेल्या बाईच्या हातात अंदाजपत्रक आहे का, हे टक्केवारी सांगत नाही. ते मी वर्गातच विचारते.

अभ्यासकांनी, पत्रकारांनी, कार्यकर्त्यांनी जरूर वापरावी.