मामाच्या कॅसेटी, माझं लिस्प आणि यूआयओपीचे आठ महिने

सदाशिव पेठेत मामाकडे घरगुती मैफलींच्या दोनशेवर कॅसेटी आहेत. तो त्या वेव्ह फाइलींत उतरवतो. पुढे त्यांचं फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) करायचं, आवाजाची पातळी मोजायची, हे माझा कॉमन लिस्प या भाषेतला प्रोग्रॅम एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेतो. लिस्प चालवायला माझ्याकडे लिनक्सवर एसबीसीएल, मामाकडे विंडोजवर सीसीएल. भाषेचे नियम ठरवणाऱ्या 1994च्या आन्सी प्रमाणात बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याबद्दल अवाक्षर नाही, त्यामुळे प्रत्येक लिस्पची चूल वेगळी. एसबीसीएलचं स्वतःचं फंक्शन तर वेगळं सांगितल्याशिवाय प्रोग्रॅम पाथमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नेहमीच्या फोल्डरांत, शोधतही नाही. दोन चुली सांभाळून कंटाळले आणि सगळ्या लिस्पना एकच चूल देणाऱ्या यूआयओपी या लायब्ररीकडे वळले. ते एएसडीएफ 3 या लिस्पच्या बिल्ड साधनासोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

सुरुवात फजितीनं. त्यातल्या ‘रन-प्रोग्रॅम’ या फंक्शनला नुसतं ‘एलएस’ (फाइलींची यादी देणारी कमांड) दिलं, हातात आलं निल, निल (म्हणजे रिकामं), शून्य. मला वाटलं चाललंच नाही. चाललं होतं, आउटपुट मागितलं नव्हतं म्हणून ते फेकून दिलं होतं. ‘आउटपुट’ला ‘स्ट्रिंग’ सांगितलं की मजकूर मिळतो. चुकांचे संदेश ज्या वाटेनं येतात त्या एरर-आउटपुटचंही तेच, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. प्रोग्रॅम पडला की कंडिशन (लिस्पची चूक कळवणारी सूचना) येते, त्यात एक्झिट कोड हा आकडाही असतो, पण कारण आधीच कचऱ्यात गेलेलं. आता मी दोन्ही आउटपुट मागितल्याशिवाय एकही कॉल लिहीत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कमांड यादी म्हणून देता येते. मामा कॅसेटच्या दोन बाजू एकाच नावात कोंबतो: ‘मारवा & पूरिया’. स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, दिली की ती शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जाते. शेलनं मधल्या चिन्हावर कमांड तोडली आणि ‘पूरिया’ नावाचा प्रोग्रॅम शोधायला निघालं. दोन्ही रागांचे सूर तेच, पण शेलनं त्यांची फारकत केली! यादी दिली तर लिनक्सवर शेल मध्ये येतच नाही. विंडोजला शेवटी एकच लांब ओळ लागते, तिथली अवतरणचिन्हं यूआयओपी घालतं. मामाच्या फाइली तिथेही बिनतक्रार गेल्या.

‘लाँच-प्रोग्रॅम’नं मात्र एक रविवार खाल्ला. तो वाट न पाहता पुढे जातो, म्हणून पातळी मोजायला तोच वापरला आणि आउटपुट, एरर दोन्हींना ‘स्ट्रीम’ दिलं, म्हणजे येईल तसं मीच वाचायचं. गाण्याचं जेमतेम मिनिट होतं न होतं तोच सगळं ठप्प. दुसरी फाइल घेतली, तरी साधारण तिथेच. मामा मागून म्हणाला, “अगं, झोपलं का तुझं मशीन?” झोपलं नव्हतं, तुंबलं होतं. पातळी मोजणारा फिल्टर गाण्याच्या दर सेकंदाला दहा ओळी लिहितो, त्याही एररच्या वाटेनं. लिनक्सचा पाइप, म्हणजे ज्यातून ते लिहिलेलं माझ्यापर्यंत येतं ती नळी, साधारण 64 केबीचा. मी आउटपुट संपायची वाट बघत बसले होते, एररकडे ढुंकूनही पाहत नव्हते. पाइप भरला, एफएफएमपेग लिहिताना अडकलं, मी वाचताना. यात यूआयओपीचा दोष नाही. ‘रन-प्रोग्रॅम’ अशा वेळी एक प्रवाह तात्पुरत्या फाइलीत उतरवतो, म्हणून तिथे असं होत नाही. मी मुकाट्यानं परत त्याच्याकडे गेले. 45 मिनिटांच्या बाजूची वेव्ह फाइल 475 एमबीच्या आसपास असते, थोडं थांबावं लागतं, चालतं.

‘रन-प्रोग्रॅम’मध्ये वेळमर्यादा मात्र नाही, आणि ती हवी होती. एकदा एका बिघडलेल्या फाइलीवर एफएफएमपेग रात्रभर फिरत राहिलं. लिनक्सवर मी कमांडच्या आधी ‘टाइमआउट’ लावते, वेळ उलटली की ते कमांड थांबवतं. विंडोजवर त्याच नावाची कमांड आहे, पण ती नुसती ठरलेले सेकंद थांबून राहते. म्हणून मामाच्या लॅपटॉपपुरता ‘लाँच-प्रोग्रॅम’ ठेवलाय: एरर थेट फाइलीत, दर सेकंदाला ‘प्रोसेस-अलाइव्ह-पी’नं अजून चालू आहे का विचारायचं, दहा मिनिटं उलटली की ‘टर्मिनेट-प्रोसेस’. वीसेक ओळींचं काम आहे, पण ते लायब्ररीतच असायला हवं होतं.