लार्ज सेंट : १८१४ पर्यंतचे जमवावेत की १८१६ नंतरचे?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात तांब्याचे मोठे सेंट (लार्ज सेंट) पाडले; सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. त्यात १८१५ सालचा सेंट तेवढा मिळत नाही. संग्राहकांनीही तिथेच फाळणी केली आहे: १८१४ पर्यंतच्या नाण्यांचे प्रकार शेल्डनच्या यादीतल्या क्रमांकांनी ओळखतात, १८१६ पासूनच्यांचे न्यूकम्बच्या यादीतल्या.

प्रकारांची हौस असेल तर खरी गंमत जुन्या गटात आहे. तेव्हा नाणी पाडायच्या ठशांवर अक्षरं नि आकडे एकेक करून हाताने ठोकायचे, त्यामुळे दोन ठसे तंतोतंत जुळतच नसत. १८०१ चा एक प्रकार तर बघण्यासारखा: मागच्या बाजूला १/१०० ऐवजी १/०००, पानांच्या माळेला दोनाऐवजी एकच देठ, आणि ‘युनायटेड’मधल्या यूच्या जागी शेजारी शेजारी उभे दोन आय! नाणं बरंच झिजलं तरी असे फरक पकडता येतात. १८४० पासून मात्र सालाचे चारही आकडे एकाच पंचने (आकडे ठोकायच्या खिळ्याने) ठशावर उमटू लागले. मग साल केसभर डावीकडे की उजवीकडे, एवढंच भिंगातून बघत बसायचं. नवखा त्याला लवकर कंटाळतो.

खिशाचा हिशोब मात्र उलटा. १७९३, १७९९ आणि १८०४ ही सालं तूर्त विसरलेली बरी. जुन्या गटातली परवडणारी नाणी बहुधा झिजलेली, खड्डे पडलेली किंवा घासून गुलाबी केलेली असतात. आपल्याकडे चिंच लावून तांब्या लखलखीत करतात, तसलं नाणं घेऊ नका. १७९८ किंवा १८०३ चं, गुळगुळीत पण एकसारख्या तपकिरी रंगाचं नाणं चालेल. कारण त्या सुमारास टांकसाळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बोल्टन या कारखानदाराकडून नाण्यांसाठी तयार चकत्या मागवत असे. (मुंबई इलाख्याचे १७९१ चे तांब्याचे पैसे पाडणारा तो हाच बोल्टन.) घेण्याआधी वजन करा: १७९५ च्या अखेरीस ते १३.४८ ग्रॅमवरून १०.८९ वर आलं, आणि नकली मालाचा सुळसुळाट आहे.

तेवढ्याच पैशांत १८५० च्या आसपासचा सेंट घेतलात, तर नाण्यावरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) केसांच्या बटाही शाबूत मिळतील. मी नवख्याला आधी हाच घ्यायला सांगेन, त्यातही १८५५ चा. त्या सालात पाच सरळ की तिरके हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, आणि तिरक्यांतल्या एका प्रकारात ठसा तुटल्यामुळे लिबर्टीच्या कानावर चक्क गाठ आली आहे.