पाड्याच्या रस्त्याची फाईल: चोपड्यातील एका तांत्रिक सेवा कार्यालयाचा अनुभव

आमच्या गट ग्रामपंचायतीने गेल्या उन्हाळ्यात चोपडा शहरातील एका खासगी तांत्रिक सेवा कार्यालयाकडून प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेसाठी रस्त्याचा प्रस्ताव तयार करून घेतला. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता दोन तरुण सहकाऱ्यांसह हे कार्यालय चालवतात. मोजणी, नकाशा, अंदाजपत्रक आणि प्रस्तावाला लागणारी सर्व कागदपत्रे तयार करणे हे त्यांचे काम. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या ज्या ग्रामपंचायतींचे प्रस्ताव वारंवार परत येतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सरपंच या नात्याने हा अभिप्राय लिहीत आहे.

आमचा पाडा मुख्य गावापासून सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. मधली जमीन काळी असून वाटेत एक नाला लागतो. पाऊस लागला की मोटारसायकलचे चाक चिखलात रुतते आणि नाल्याला पूर आला की दवाखान्यात न्यायच्या माणसाला खाटेवर उचलून आणावे लागते. या रस्त्यासाठी आम्ही पूर्वी दोनदा अर्ज केला होता. पहिला अर्ज ‘रस्ता क्रमांक नमूद नाही’ या शेऱ्यासह परत आला, तर दुसऱ्यावर ‘लोकसंख्येचा निकष पूर्ण होत नाही’ असे लिहिलेले होते. दोन्ही वेळा आम्ही तो शेरा अंतिम मानून गप्प बसलो, याची मला आजही खंत वाटते.

कार्यालयात गेल्यावर अभियंत्यांनी पहिला प्रश्न अहिराणीत विचारला, “आबा, हाऊ रस्ता कागदवर शे का?” जिल्ह्याच्या रस्ते विकास आराखड्यात ग्रामीण मार्ग म्हणून ज्या रस्त्याला क्रमांक नाही, त्याचा विचार निधी वाटणाऱ्यांसमोर होतच नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. आराखड्याची प्रत काढून त्यांनी आमचा मार्ग शोधला. क्रमांक होता, पण तो पाड्याच्या जुन्या नावाने नोंदलेला असल्यामुळे आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

लोकसंख्येच्या बाबतीत त्यांनी जे काम केले, त्यासाठी मी या कार्यालयाला मनापासून पूर्ण गुण देतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, तेव्हापासून सपाट भागातील वस्तीसाठी ५०० आणि अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झालेल्या आदिवासी भागातील, वस्तीसाठी २५० लोकसंख्येचा निकष आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही हा फरक कायम असून त्यासाठी २०११ ची जनगणना आधार धरलेली आहे. आमचा पाडा स्वतंत्र महसुली गाव असल्याने त्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३१२ अशी वेगळी नोंदलेली आहे. चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतील काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतात. त्या यादीत आमच्या पाड्याचे नाव आहे, हे अभियंत्यांनी बोट ठेवून दाखवले आणि त्या पानाची प्रत प्रस्तावाला जोडली. म्हणजे आमच्या दुसऱ्या अर्जाला ५०० चा निकष लावला गेला होता आणि आम्ही तो मुकाट्याने मान्य केला होता.

या योजनेचा खर्च सुरुवातीला पूर्णपणे केंद्र सरकार करत असे. २०१५-१६ पासून आपल्या राज्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. चौथ्या टप्प्याची एकूण तरतूद ७०,१२५ कोटी रुपये असून त्यातून ६२,५०० किलोमीटर रस्ते आणि २५,००० वस्त्यांची जोडणी व्हायची आहे. आमच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये पडणाऱ्या डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर वसूल होतो. उपकर म्हणजे ठरावीक कामासाठी घेतलेला जादा कर असल्यामुळे वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना वाटल्या जाणाऱ्या करांत त्याची गणना होत नाही, तो केंद्राकडेच राहतो. गावाने आपला भाग आधीच भरलेला आहे आणि त्यातला न्याय्य वाटा मागणे हा त्याचा हक्क आहे, असे मी ग्रामसभेत सांगितले तेव्हा पाड्यावरची वयस्कर मंडळी प्रथमच पुढे येऊन बसली.

मोजणीचा दिवस मी विसरणार नाही. सहकाऱ्यांनी मोजणीचे चाक फिरवत दर ५० मीटरला रुंदी घेतली. नाल्याजवळ आल्यावर अभियंता स्वतः काठावरच्या पळसापाशी गेले, खोडाच्या खाचेत गेल्या पुरात अडकून राहिलेले वाळके गवत त्यांनी बोटाने उचकटून पाहिले आणि तिथपासून नाल्याच्या तळापर्यंत टेप सोडायला लावला. पाणी त्यांच्या डोक्याच्याही वर चढले होते. नळ्या टाकून केलेली मोरी इथे एका पावसातच वाहून जाईल, असे सांगून त्यांनी अंदाजपत्रकात पूल धरला. रस्त्याच्या जागेसाठी या योजनेतून मोबदला मिळत नसल्याने, ज्यांच्या बांधावरून रस्ता जातो त्या शेतकऱ्यांची संमतीपत्रेही त्यांनी एकाच दिवसात, प्रत्येकाच्या शेतात जाऊन भरून घेतली.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. पंधरा दिवसांत देतो म्हटलेले काम हातात पडायला ३७ दिवस लागले आणि मधल्या काळात फोन केल्याशिवाय काहीही कळवले गेले नाही. अंदाजपत्रक पूर्णपणे इंग्रजीत होते. ग्रामसभेत वाचून दाखवण्यासाठी मराठीतला एक पानी सारांश मला दोनदा मागावा लागला. पाड्याच्या आतील १२० मीटरच्या भागात बाजूचे गटार धरायचे राहून गेले होते, ते आमच्या ग्रामपंचायत सदस्य ताईंच्या लक्षात आले. दुरुस्तीचे वेगळे पैसे मात्र घेतले नाहीत. एकूण फी ७,५०० रुपये झाली. पावती मिळाली आणि रक्कम घरपट्टीतून जमा झालेल्या ग्रामनिधीतून दिली. कामाचा दर्जा पाहता ही फी वाजवी आहे. तरीही जी माहिती सरकारी दप्तरात आधीपासून पडून आहे, तीच शोधून देण्यासाठी गरीब ग्रामपंचायतीला खिशातून पैसे मोजावे लागतात, हे मला खटकते. ज्या पाड्यांजवळ तेवढा ग्रामनिधीही नाही, त्यांचे प्रस्ताव कोण लिहिणार?

मंजुरी मिळवून देण्याची हमी हे कार्यालय देत नाही आणि तसे ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात. या प्रामाणिकपणामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. आमचा प्रस्ताव दाखल झाला असून आवक क्रमांकाची पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे. निर्णय अजून यायचा आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी ग्रामसभेचा ठराव, गावाचा नकाशा, रस्त्यालगतच्या गटांचे सातबारा उतारे आणि पूर्वी परत आलेले अर्ज शेऱ्यांसह सोबत न्यावेत. मराठी सारांश आणि काम देण्याची तारीख आधीच लिहून घ्यावी. मोजणी शक्यतो मे महिन्यात ठेवावी, कारण नाला कोरडा असतो आणि मागच्या पुराची खूण झाडावर अजून शिल्लक असते.